भिलाईच्या उन्हात रोसोमाखा

नागपूरहून सुटलेली पॅसेंजर गोंदियाला लागेपर्यंत आईनं दिलेल्या दशम्या संपल्या आणि प्रवासाची हौसही निम्मी झाली. मे महिना, लाकडी बाकं, आणि झळ अशी की खिडकी लावावी तर जीव गुदमरतो, उघडी ठेवावी तर तोंड भाजतं. कॉलेजची परीक्षा देऊन मी मोकळा झालो होतो. निकाल लागेपर्यंत घरी बसून मी काय दिवे लावणार हे आईला ठाऊक होतं, म्हणून तिनं मला भिलाईला पिटाळलं. "सिंधूले पाहून ये," ती म्हणाली. "दोन उन्हाळे झाले, पोरीनं माहेर पाहिलं नाही."

सिंधू माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मी तिला नुसतं बाई म्हणायचो. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, गोंदियाकडची धानाची शेती धाकट्या भावाच्या हवाली करून भिलाईच्या कारखान्यात लागले होते. बैल हाकणारा माणूस आता क्रेन हाकतो, असं ते स्वतःच सांगत आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहत.

राजनांदगाव सुटलं तेव्हा दिवस मावळला होता. पुढे आकाशाचा एक कोपरा तांबडा दिसायला लागला. मी समोरच्या रेल्वेवाल्या गृहस्थांना विचारलं, जंगलात वणवा लागलाय का.

"वणवा नाही, बाबू. भट्टी आहे ते," ते विडी विझवत म्हणाले. "नवीन माणूस दिसून राहिला तू. आमी रोज पायतो."

पहिली भट्टी पेटून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दुर्गला उतरलो, कारखान्याच्या एका ट्रकवाल्यानं मागे बसवून घेतलं आणि कामगारांच्या वस्तीच्या, कॅम्प-एकच्या तोंडाशी सोडून दिलं. तिथं माझी पहिली फजिती झाली. रांगेनं सारखी घरं, सारखी दारं, सारखी टिनाची छपरं. मी आपला पत्त्यावरचा नंबर मोजत एका घरात शिरलो, पिशवी ठेवली, खाटेवर बसलो, समोर आलेल्या बाईंनी दिलेलं पाणीही प्यायलो, आणि मग त्या तेलुगूत काहीतरी विचारू लागल्या. बिचाऱ्यांनी हसत हसत मला दोन रांगा पलीकडे पोचतं केलं. दारातच बाईनं मला बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "कावून रे, इतका वाळला? आई जेवू घालत नाही काय तुले?"

बाईचं घर म्हणजे दीड खोली, मागे वीतभर परस आणि परसावर उतरतं टिन. पण काय टापटीप! भांडी अशी की तोंड बघावं. लोखंडी पेटीत कपड्यांच्या घड्यांमध्ये कडुलिंबाचा पाला, आणि पेटी उघडली की घरभर त्याचा कडवट वास. तिच्या पेटीतल्या कपड्याला कसर (लोकर खाणारी कीड) लागली असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ही कीर्ती भाऊजींनी कारखान्यात नेली होती, आणि ती थेट एका रशियन माणसापर्यंत पोचली होती.

त्याचं नाव गेन्नादी. भाऊजींच्या टोळीतली माणसं त्याला गेंदासाहेब म्हणत आणि तो ओ देई. लालबुंद चेहरा, पन्नाशीला आलेला, क्रेन बसवायला उरल पर्वताच्या उत्तरेकडून आलेला. दोन वर्षांत हिंदी शिकला होता, म्हणजे स्वतःपुरती बनवली होती. अडलं की खिशातून फाटका शब्दकोश काढायचा, थुंकी लावून पानं उलटायचा, आणि सापडलेला शब्द असा म्हणायचा की त्यापेक्षा खूण बरी. दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी तो आमच्याकडे यायचा, परसातल्या खाटेवर बसायचा आणि बाईचं कैरीचं पन्हं तांब्याभर प्यायचा. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटलेला असे, आणि तोंडात मात्र सगळ्या गोष्टी बर्फाच्या.

हिवाळ्यात त्याच्या गावी थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठते, म्हणे. त्याचा बाप शिकारी होता. मैलोन्‌मैल जंगलात सापळ्यांची रांग लावायचा आणि आठवड्यानं एकदा लाकडी पट्ट्यांवर घसरत ती पाहून यायचा. बापाचा जन्मभराचा वैरी एकच.

"शेर नहीं. भालू नहीं," गेंदासाहेब म्हणाला. शब्दकोशाची पानं उलटली, मिटली. "रोसोमाखा. इसका हिंदी नहीं है."

मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी. वही काढून बसलो. त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि एक ठेंगणं, झुपकेदार शेपटीचं, अस्वलाच्या पिल्लासारखं जनावर काढलं. मध्यम कुत्र्याएवढं, फार तर पंधरा किलोचं. गडद तपकिरी अंग, दोन्ही कुशींवरून फिक्या पिवळ्या केसांचा पट्टा. आणि पंजे अंगाच्या मानानं कुठच्या कुठे मोठे. मऊ बर्फात हरिण पोटापर्यंत रुततं, हा त्यावरून सुपासारख्या पावलांनी चालत जातो. म्हणून एवढंसं जनावर कधी कधी रेनडियरसुद्धा लोळवतं.

"हा तर आपला मसन्याऊद, मढी उकरणारा," भाऊजी म्हणाले. ते फारसे चुकले नव्हते. पुढे पुस्तकांत वाचलं तेव्हा कळलं, दोघं एकाच गोतातले, पाणमांजराच्या घराण्यातले.

पण आमच्या मसन्याऊदाला एवढं हिंडावं लागत नाही. रोसोमाखा एकटा राहतो. रेल्वेनं नागपूर ते भंडारा जेवढं अंतर पडतं, तेवढं तो भुकेनं दिवसभरात सहज तोडतो, डोंगर आडवा आला तर सरळ वरून. हिवाळाभर झोपत नाही. लांडग्यांनी टाकलेलं खातो, हिमात गाडल्या गेलेल्या जनावराचा वास हातभर बर्फातून काढतो. त्याच्या वरच्या जबड्यातली शेवटची दाढ आत आडवी वळलेली असते, त्यामुळे दगड झालेलं मांस आणि हाडं तो कडाकड फोडतो. उरलेलं बर्फात पुरून ठेवतो आणि त्यावर असा काही घाण वास सोडतो की लांडग्यानंही नाक मुरडावं. गेंदासाहेबानं तो वास नाक दाबून करून दाखवला, तेव्हा तवा घासत बसलेली बाई पहिल्यांदा हसली. एरवी या गोष्टींत तिला रस नव्हता. दिवसभर राबून ती बसल्या बसल्या पेंगायची.

मेलेल्या जनावरावर रोसोमाखा बसला असला की लांडगा आला तरी हटत नाही, असं गेंदासाहेब सांगू लागला. मी विचारलं, लांडगे पाच-सहा आले तर?

"तब भागता. पेड़ पर," गेंदासाहेब म्हणाला. "पागल नहीं."

सर्वांत कडक थंडीत, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, मादी बर्फात खोल बोगदा खणते आणि त्यात विते. दोन, फार तर तीन पिल्लं, पांढरी शुभ्र. नर जवळपास नसतो. ती एकटी बाहेर जाते, पुरलेलं उकरून खाते, परत येते. बर्फ पाझरू लागलं की एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते. हे सांगताना त्या धिप्पाड माणसानं आपली बोटं ओठांत धरून दाखवली.

एका रविवारी तो, भाऊजी आणि मी सायकली घेऊन कुरुदला गेलो. तेव्हा कुरुद म्हणजे तलाव, बांध आणि आंब्याची झाडं. तलाव आटत चालला होता आणि काठच्या चिखलात पावलं उमटली होती. गेंदासाहेब गुडघ्यांवर बसून ती बघू लागला, तेव्हा म्हशी घेऊन आलेला एक म्हातारा थबकला.

"का खोजत हस, साहेब?" (काय शोधतोयस?) त्यानं विचारलं, आणि आपणच वाकून बघितलं. "कोलिहा हे." (कोल्हा आहे.)

गेंदासाहेबानं कोल्ह्याच्या पावलाची चार बोटं मोजली आणि शेजारी चिखलातच आपल्या जनावराचं पाऊल काढलं, पाच बोटांचं, तळहाताएवढं. म्हाताऱ्यानं ते नीट पाहिलं आणि इकडे असलं काही येत नाही असं बजावून म्हशी पुढे हाकल्या. आम्ही झाडाखाली बसून भाकरी आणि कांदा खाल्ला. तेव्हाच गेंदासाहेबानं सांगितलं, की पुढच्या रविवारी तो कायमचा परत चालला आहे. घरी म्हातारी आई आहे, बाप जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि बापाची म्हणून एकच वस्तू त्याच्याजवळ आहे, ती बाईच्या पेटीत आहे.

ती एक टोपी होती. कानांवर ओढायची, कातड्याची, आणि कडेनं रोसोमाखाचे केस शिवलेले. त्या केसांवर श्वासाचं दव गोठून बसत नाही, झटकलं की निघून जातं, म्हणून तिकडे त्याची कड फार मोलाची. बापानं तो रोसोमाखा स्वतः धरला होता आणि मुलगा पहिल्यांदा जंगलात निघाला तेव्हा टोपी त्याच्या डोक्यावर घातली होती. भिलाईत तिला कसर लागायला लागली तसा तो घाबरला. भाऊजींनी छातीवर हात मारून सांगितलं होतं, "माझी बायको सांभाळंल. एक केस गळणार नाही." बाईनं ती जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून पाल्यात ठेवली होती.

आता काय झालं ते सरळ सांगतो. बुधवारी बाई शेजारी पापड लाटायला गेली. जाताना म्हणाली, "पेटीतले लोकरीचे कपडे टिनावर टाकजो, ऊन दाखव. टोपी मात्र दोरीवर, सावलीत. नुसता वारा." आमच्या घरात वैशाखात सगळ्याला ऊन दाखवायचं असतं. गाद्या, स्वेटर, डाळी, चिंच, लोणच्याच्या बरण्या. उन्हानं कीड मरते, हे मी आईच्या मांडीवर शिकलेलो. टोपी उलटून बघितली तर अस्तरात एक पांढुरकी अळी. मी शहाणा. कॉलेजात शिकलेला. म्हटलं, बाईला काय कळतं, गेंदासाहेबाची टोपी आपण अशी स्वच्छ करून देऊ की तो खूश होईल. कडुलिंबाचा पाला उकळला, त्या पाण्यात टोपी चिंब भिजवली, पिळली आणि कुरडयांच्या शेजारी तापल्या टिनावर पसरून दिली. मग सायकल काढून रिसालीकडे भटकायला गेलो. तिकडे शेतांतून नवे रस्ते आखत होते, ते बघत बसलो.

चार वाजता आलो तर टोपी वळून, आक्रसून वितीएवढी झाली होती. कातडं खापरासारखं कडक, एका बाजूला तडकलेलं. कडेला बोट लावलं की केस झुपक्यानं हातात येत होते. मी काय केलं? फडक्यात बांधली, पाल्यात ठेवली, पेटी लावली. तीन दिवस जेवलो, झोपलो, हसलो, आणि ब्र काढला नाही.

रविवारी दुपारी गेंदासाहेब निरोपाच्या जेवणाला यायचा होता. सकाळी बाईनं पेटी उघडली. मी परसात कपड्यांची दोरी गुंडाळत असल्याचं सोंग करत होतो. मग ती दारात आली. हातात फडकं होतं. माझ्याकडे बघितलं, टिनाकडे बघितलं.

"पाणी भरून ठेव," ती म्हणाली. "पाहुणा येईल."

गेंदासाहेब इस्त्रीचा सदरा घालून आला. बाईनं रस-पोळी केली होती आणि पाटवडीचा रस्सा. रश्श्यानं त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो आणखी मागत होता. भाऊजी रंगात आले होते. मी पोळी नुसती कुस्करत होतो. हात धुतल्यावर गेंदासाहेबानं खिशातून बाईसाठी आणलेली लाकडी बाहुली काढून खाटेवर ठेवली आणि म्हणाला, "अब टोपी."

बाईनं ताटात ठेवून टोपी आणली. वरचं फडकं काढलं. आणि ती उभी राहिली. भाऊजींचं तोंड उघडं राहिलं. गेंदासाहेबानं टोपी उचलली, तर केसांचा एक पुंजका ताटातच राहिला. बाई पदर धरून उभी, मी भिंतीला टेकून उभा. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मला आठवतं, गेंदासाहेब पाण्याचा अख्खा पेला प्यायला, तो खाली ठेवला, तरी ती उभीच होती.

"साहेब," बाई म्हणाली, "ये मेरे हात से हुआ. मैंने टीन पे सुखाई. मेरेकू समजा नहीं. माफ करना."

"कावून ठेवली टिनावर?" भाऊजी म्हणाले. "तुले सांगतलं होतं ना मी? सावलीत, म्हणून सांगतलं होतं ना?"

"हो. सांगतलं होतं," बाई म्हणाली.

गेंदासाहेब टोपी फिरवून फिरवून बघत होता. एका कानाच्या टोकावर बोटभर केस शाबूत होते, त्यावर त्यानं अंगठा फिरवला. त्याचे डोळे भरले होते, ते रश्श्यानं नव्हते. मग त्यानं ती टोपी छातीशी, सदऱ्याच्या आत ठेवली, बाईला हात जोडले आणि भाऊजींच्या खांद्यावर थोपटलं.

मी त्याला सडकेपर्यंत सोडायला गेलो. म्हणजे भाऊजींनीच जा म्हटलं, त्यांना त्याच्याबरोबर चालायची लाज वाटत होती. रस्ताभर ऊन रणरणत होतं, आम्ही दोघंच होतो. सांगायचं असतं तर याहून चांगली वेळ नव्हती. शब्द ओठांपर्यंत आले होते, खोटं नाही सांगत. सडकेवर तो थांबला, माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुम्हारा बहन अच्छा," तो म्हणाला. "डर लगा, फिर भी सच बोला. ऐसा कम होता."

मी मान हलवली. त्याची गाडी आली आणि तो गेला.

पुढचे पाच दिवस भाऊजी बाईशी बोलले नाहीत. डबा उचलायचे, ड्युटीवर जायचे, आल्यावर ताट पुढे आलं की जेवायचे. टोळीत ज्याच्या जिवावर मान ताठ करून हिंडायचे, ते बायकोच्या नावाचं कौतुक गेलं होतं. बाई नेहमीसारखी भांडी घासत होती. मी एकदा स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "बाई, मी सांगतो भाऊजींना." ती म्हणाली, "आता काय उपयोग? ज्याले सांगायचं होतं तो गेला." मी तेवढ्यावर सुटलो, आणि सुटल्याचं मला बरंही वाटलं.

परतीच्या दिवशी ती मला सोडायला दुर्ग स्टेशनवर आली. दशम्या बांधून दिल्या, आईसाठी कुरडयांचा डबा दिला, निकाल लागला की पत्र टाक म्हणाली. गाडी लागली. मी खिडकीत बसलो. ती गजाला हात धरून उभी होती आणि मला वाटलं आता आणखी काही निरोप देईल.

"मी थांबली होती रे," ती म्हणाली. "तो पानी पिऊन राहिला होता ना, तवर मी थांबली होती. म्हटलं, आता बोलतो हा. आता बोलतो."

एवढं बोलून तिनं गजावरचा हात काढला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. डोंगरगढ येईपर्यंत मी दशम्यांची गाठ सोडली नाही.

पुढे मी शाळेत शिक्षक झालो. रोसोमाखा माझा हुकमी धडा. पुस्तकात नव्हता तरी शिकवायचो. आडवी दाढ, सुपासारखे पंजे, बर्फातली पांढरी पिल्लं, सगळं मुलांना फळ्यावर काढून दाखवायचो. त्या टोपीची गोष्ट मात्र मी वर्गात कधी काढली नाही.

भाऊजींचा राग पावसाळ्यापर्यंत गेला, आणि रागाची जागा गमतीनं घेतली. नोकरी संपल्यावर त्यांनी रिसालीत घर बांधलं. दिवाळीत आम्ही सगळे आधी कॅम्पात आणि मग तिथं जमायचो, तेव्हा फराळाची ताटं पुढे आली की त्यांचा किस्सा ठरलेला. "आमच्या हिनं रशियाच्या साहेबाची टोपी कुरडयांसोबत वाळवली. तळायचीच बाकी ठेवली होती." सुना हसायच्या, नातवंडं लोळायची, पाहुणे बाईकडे बघायचे. बाई पदर तोंडाशी धरून मान खाली घालायची. चाळीस दिवाळ्यांत तो किस्सा चालू असताना तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, की खरं काय ते सांगितलं नाही. आता बाई नाही, भाऊजीही नाहीत. सांगून कुणाचं काही बिघडणार नाही अशी वेळ आली, तेव्हा मी हे लिहायला बसलो आहे. भाऊजी तो किस्सा सांगायचे तेव्हा मी दरवेळी तिच्या शेजारीच बसलेला असे. आणि सगळ्यांबरोबर मीही हसत असे.